फॅसिस्टांची कचेरी इतकी देखणी कशी?

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "इतिहासाच्या तासाला आम्हाला कोमोची कासा देल फाशो शिकवली. ग्रिड, भरीव-पोकळ, अर्धा घन, सगळं काढून घेतलं. ती फॅसिस्ट पक्षाची कचेरी होती हे मला नंतर कळलं. मॉडर्न म्हणजे पुरोगामी आणि खांब-कमानींचं भव्य काम म्हणजे हुकूमशाही, अशी आमची समजूत. इटलीत हे उलटं कसं झालं? आणि अशा इमारतींचं आज करायचं काय?"

उलटं काही झालेलं नाही. तुमची समजूत जर्मनीवरून बनली आहे. नाझींच्या दडपणाखाली १९३३ मध्ये बाउहाउस हे मॉडर्न डिझाइनचं विद्यालय बंद झालं, तिथली बडी मंडळी पुढे अमेरिकेत गेली, आणि आपण शिकतो तो इतिहास बराचसा तिथे बसून लिहिला गेला. त्यात मॉडर्न वास्तुकला आपोआप हुकूमशाहीची बळी ठरली. इटलीत मुसोलिनी १९२२ मध्येच सत्तेवर आला होता. ज्यांना आपण इटलीचे मॉडर्न आर्किटेक्ट म्हणतो, त्यातले बहुतेक त्याच्याच राजवटीत शिकून बाहेर पडले. १९२६ मध्ये मिलानमध्ये सात तरुणांनी 'ग्रुप्पो ७' काढला. जुझेप्पे तेरान्यी, फिजिनी, पोल्लीनी त्यात होते, आदाल्बेर्तो लिबेरा थोड्या दिवसांनी आला. राजवटीला विरोध करणं हा त्यांचा हेतूच नव्हता. आपली शैली राजवटीने अधिकृत म्हणून उचलावी, यासाठी त्यांची धडपड होती.

१९३१ मध्ये रोममध्ये पिएत्रो मारिया बार्दीच्या गॅलरीत या लोकांनी प्रदर्शन भरवलं. तिथे बार्दीने एक 'भयंकर गोष्टींचं टेबल' मांडलं होतं. जुन्या वळणाच्या इमारतींच्या चित्रांचं ते कात्रणचित्र होतं, आणि त्यात मार्चेल्लो पियाचेंतिनीच्या कामाचीही टिंगल होती. पियाचेंतिनी म्हणजे त्या काळचा सरकार-दरबारी वजनदार माणूस. कुठलं काम कुणाला जाईल हे ठरवण्यात त्याचा शब्द चाले. व्हायचं ते झालं. आर्किटेक्टांच्या सरकारमान्य संघटनेने पाठिंबा काढला आणि रॅशनलिस्टांची, म्हणजे या मॉडर्न गटाची, संघटना मोडली. दोन्ही बाजू भांडत होत्या ते आपल्यात जास्त खरा फॅसिस्ट कोण यावरून. लोकशाही हा त्या भांडणात मुद्दाच नव्हता. तुमच्या पुस्तकात हा झगडा 'आधुनिक विरुद्ध परंपरावादी' म्हणून आला असेल, तर त्यातला अर्धा भाग गळलेला आहे.

मुसोलिनीने शेवटपर्यंत कुठलीच बाजू कायमची घेतली नाही. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनच्या सपाट, आडव्या डिझाइनवर संसदेत टीका झाली, तेव्हा १९३४ मध्ये त्याने मिकेलुच्ची आणि त्याच्या सहकाऱ्यांना बोलावून शाबासकी दिली. त्याच दशकात पियाचेंतिनीलाही मोठमोठी कामं मिळतच राहिली. माझ्या मते यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. दोघांनाही आशेवर ठेवलं की दोघंही दारात उभे राहतात.

आता कोमोकडे येऊ.

कासा देल फाशोचा आर्किटेक्ट तेरान्यी. तो कसा माणूस होता हे कळायला त्याचं आधीचं काम बघा. कोमोतच त्याने १९२७ ते १९२९ दरम्यान नोवोकोमुम ही फ्लॅटची इमारत बांधली. मंजुरीसाठी नगरपालिकेला दिलेल्या नकाशांत दर्शनी बाजू नीट शास्त्रोक्त होती, खिडक्यांना चौकटी, वर कंगोरे. परांच्या उतरल्या तेव्हा समोर काचेचे गोल कोपरे असलेली, जहाजासारखी इमारत उभी. गावात गहजब झाला. मंजुरीचे नकाशे एक आणि बांधकाम दुसरं, ही कला आपल्याकडेच जन्मली असं कुणाला वाटत असेल तर त्याने हे लक्षात ठेवावं. फरक एवढाच, की आपल्याकडे ती एफएसआय वाढवायला वापरतात.

कासा देल फाशो १९३२ ते १९३६ या काळातली. बाजू ३३.२० मीटर, उंची १६.६० मीटर, म्हणजे बरोबर अर्धा घन. चारही बाजू वेगळ्या, आणि प्रत्येक बाजू आतली रचना वेगळ्या तऱ्हेने उघडी करते. मध्ये वरून उजेड येणारं दोन मजली सभागृह आहे. तुम्ही डायग्राममध्ये काढलं ते एवढंच. ही पद्धत अमेरिकी आर्किटेक्ट पीटर आयझेनमनच्या १९६३ सालच्या केंब्रिजमधल्या प्रबंधानंतर रुळली, आणि डोळा तयार करायला ती उत्तम आहे. पण डायग्राममध्ये न येणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

तळमजल्यावर चौकाच्या बाजूला काचेच्या सोळा दारांची रांग होती आणि ती विजेच्या मोटरवर एकाच वेळी उघडत. कारण तेरान्यीने स्वतः सांगितलं आहे: आतली माणसं एका लोंढ्याने चौकात उतरावीत. पारदर्शक दर्शनी भागाचं समर्थन करताना त्याने मुसोलिनीचंच वाक्य घेतलं होतं, की फॅसिझम हे काचेचं घर आहे आणि त्यात कुणीही डोकावून पाहू शकतो. आता, जिथे विरोधी पक्षांवर बंदी होती आणि वृत्तपत्रं मुठीत होती, तिथे काचेतून नेमकं काय दिसणार होतं? दर्शनी बाजूला उजवीकडे जी कोरी भिंत आहे, जिच्यावर आपण 'भरीव-पोकळ तोल' असं लिहितो, ती पक्षप्रचाराच्या भल्यामोठ्या फोटोचित्रासाठी राखलेली होती. मार्चेल्लो निझ्झोलीने त्याचं डिझाइनही केलं होतं, प्रत्यक्षात ते लागलं नाही, म्हणून भिंत कोरी राहिली. आणि प्रवेशातच पक्षाच्या 'हुतात्म्यांचं' स्मारक होतं. 

तरीही इमारत उत्तम आहे. हे मी बिचकत म्हणत नाही. काम करणाऱ्या माणसाने तिथे जाऊन दगडाच्या फरशीचे सांधे, काचविटांतून झिरपणारा उजेड, जिन्याशी येणारं वळण पाहावं. चाळीस वर्षांचाही न झालेला माणूस इतकं नेमकं काम कसं करतो, याचा हेवा वाटतो. १९५७ पासून तिथे अर्थखात्याच्या पोलिसांची कचेरी आहे, त्यामुळे आत सहज जाता येत नाही. मारिओ रादिचेची आतली अमूर्त चित्रं युद्धानंतर नष्ट झाली. तेरान्यी रशियन आघाडीवरून मनाने पूर्ण मोडून परत आला आणि १९ जुलै १९४३ ला वारला. सहा दिवसांनी मुसोलिनीची सत्ता गेली.

आता या इमारतीशेजारी रोमच्या एउर भागातला 'पालाझ्झो देल्ला चिविल्ता' ठेवा, सहा मजले, एकेका मजल्यावर नऊ कमानी. एका बाजूला प्रकाशमान चौकट, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या दगडाचं थडगं. तुमच्या समजुतीप्रमाणे एक पुरोगामी आणि दुसरी हुकूमशाही. पण बांधकाम पाहा. दोन्हींच्या आत आरसीसीची चौकट आहे आणि दोन्हींवर दगडाचं आवरण आहे, एकीवर बोत्तिचिनो, दुसरीवर त्रावेर्तिनो. कमानींवर कसलाही भार नाही. गिऱ्हाईकही एकच. १९३५ मध्ये इथिओपियावर हल्ला केल्यावर राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले, परदेशी पोलाद जपून वापरा आणि देशी दगड वापरा असा सरकारी रेटा सुरू झाला, आणि दगडाच्या खाणवाल्यांचं फावलं. १९४२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आखलेल्या एउरचं रूप ठरवण्यात पियाचेंतिनीच्या आवडीइतकाच या बाजाराचाही हात आहे. कमानींच्या वर कोरलंय, की इटालियन हा कवी, कलावंत, वीर, संत, विचारवंत, शास्त्रज्ञ, दर्यावर्दी आणि देशांतर करणाऱ्यांचा समाज आहे. हे शब्द मुसोलिनीच्या २ ऑक्टोबर १९३५ च्या भाषणातले. दुसऱ्या दिवशी फौजा इथिओपियात शिरल्या.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की दर्शनी बाजूवरून राजकारण ओळखायचा नाद सोडा. जमीन कुणाची होती, तिथून कुणाला उठवलं, पैसा कुठून आला आणि किल्ली कुणाच्या हातात पडली, हे चार प्रश्न विचारा. इटलीचा विसाव्या शतकाचा सगळा इतिहास या चार प्रश्नांनी उलगडतो, आणि त्यात १९४५ ची रेघ आपल्याला वाटते तितकी ठळक राहत नाही.

रोमचं उदाहरण घ्या. १९३२ मध्ये कलोसियमपासून पियाझ्झा व्हेनेत्सियापर्यंत लष्करी संचलनासाठी सरळ रुंद रस्ता काढला, आजचा व्हिया देई फोरी इम्पेरियाली. त्यासाठी दाट वस्ती पाडली, एक अख्खी टेकडी कापली. १९३६ पासून सेंट पीटर्ससमोरचा बोर्गोचा भाग पाडून पियाचेंतिनी आणि स्पाक्कारेल्ली यांनी व्हिया देल्ला कोन्चिलियात्सियोने काढायला घेतला. उठवलेल्यांपैकी आणि खेड्यांतून येणाऱ्यांपैकी कित्येक गरीब कुटुंबं शहरापासून तुटलेल्या वसाहतींत जाऊन पडली. त्यांना 'बोर्गाते' म्हणत. गॉर्दियानी, प्रिमावाल्ले, सान बासिलियो, पिएत्रालाता ही त्यातली काही नावं. गटार नाही, ट्राम नाही, कामाला जायचं तर पहाटे निघायचं. वरून १९३९ चा कायदा: शहरात नाव नोंदवायला नोकरी लागे आणि नोकरी मिळायला नाव नोंदवलेलं लागे. लाखो माणसं स्वतःच्याच देशात बेकायदा ठरली. हा कायदा राजवटीबरोबर गेला असेल असं तुम्हाला वाटेल. तो १९६१ मध्ये रद्द झाला. आणि कोन्चिलियात्सियोनेचा रस्ता? तो पूर्ण झाला १९५० मध्ये, प्रजासत्ताकात, त्याच पियाचेंतिनीच्या हातून.

वसाहतींतलं चित्र याहून उघड होतं. एरिट्रियातलं अस्मारा आज युनेस्कोच्या यादीत आहे आणि तिथला १९३८ चा फियाट ताल्येरो पेट्रोलपंप, खांबांशिवाय पसरलेले ते दोन काँक्रीटचे पंख, खरोखर थक्क करतो. त्याच शहरात गोऱ्यांची वस्ती आणि स्थानिकांची वस्ती नकाशावर वेगळी आखलेली होती. पंखांचे फोटो सगळे काढतात. तो नकाशा फारसा कुणी शोधत नाही.

माणसांचं काय झालं हेही थोडं सांगायला हवं, नाहीतर सगळे एकाच माळेचे मणी वाटतील. जुझेप्पे पगानो 'कासाबेल्ला' मासिकाचा संपादक, सुरुवातीचा निष्ठावंत फॅसिस्ट. पुढे त्याचा भ्रमनिरास झाला, तो प्रतिकार चळवळीत गेला, पकडला गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मेला. मिलानच्या बीबीपीआर या चौघांच्या ऑफिसमधल्या बान्फीलाही त्याच महिन्यात तिथल्याच गुझेन छावणीत मरण आलं. बेल्जोयोझो वाचून परतला. एर्नेस्तो रॉजर्स ज्यू. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनंतर त्याला नावाने काम करणं अशक्य झालं आणि पुढे तो स्वित्झर्लंडला निसटला. उरलेल्या तिघांनी १९४६ मध्ये मिलानच्या स्मशानभूमीत छावण्यांतल्या मृतांचं स्मारक केलं. पोलादी नळ्यांचा एक घन, आत संगमरवराच्या काही पाट्या, मध्ये माउटहाउझेनच्या मातीचं पात्र. बाकी काही नाही. आता गंमत पाहा: हा घन आणि कोमोची ग्रिड यांचं व्याकरण एकच आहे. स्मारक कुणाचं आणि कचेरी कुणाची हे माहीत नसेल, तर दोन्ही डायग्राम शेजारी लावून तुम्ही 'तेरान्यीचा प्रभाव' असं लिहून मोकळ्या व्हाल.

युद्धानंतर मोठी साफसफाई झाली नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये मंत्री अमिंतोरे फान्फानी याच्या पुढाकाराने इना-कासा या कामगारांच्या घरांच्या योजनेचा कायदा झाला, आणि वास्तुकलेच्या बाजूने तिची सूत्रं आर्नाल्दो फोस्कीनीकडे गेली. हा पियाचेंतिनीच्या वर्तुळातला, राजवटीच्या काळात प्रतिष्ठा मिळवलेला माणूस. योजनेच्या डिझाइन-कार्यालयाचा प्रमुख कोण? ग्रुप्पो ७ वाला लिबेरा. म्हणजे १९३१ मध्ये एकमेकांच्या उरावर बसलेल्या दोन छावण्या प्रजासत्ताकाची घरं बांधायला एका टेबलाशी आल्या. याला संधिसाधूपणा म्हणा किंवा व्यवसायाची रीत म्हणा. माझं स्वतःचं मत दुसरीकडे झुकतं, कारण या योजनेने खरोखर घरं दिली: १४ वर्षांत साडेतीन लाखांहून अधिक, कामगार, मालक आणि सरकार तिघांच्या वर्गणीतून. दारावर चिनी मातीची छोटी रंगीत पाटी असते. इटलीतल्या कुठल्याही गावात ती दिसली की समजावं, हे इना-कासाचं घर.

या घरांचं रूप कशामुळे आलं, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. रोमच्या तिबुर्तिनो वसाहतीत क्वारोनी, रिदोल्फी आणि त्यांच्याबरोबरच्या तरुणांनी उतरती कौलं, बाहेरचे जिने, वाकड्या गल्ल्या केल्या. टीकाकारांनी त्याला नववास्तववाद म्हटलं, त्या काळच्या सिनेमावरून. राजवटीच्या संगमरवराला दिलेलं लोकांचं उत्तर, असं ते सांगितलं जातं. खरंही आहे. पण कायद्याचा मथळाच मुळी कामगारांचा रोजगार वाढवण्याबद्दल होता, घरं हे त्याचं साधन. सरकारला साइटवर जास्तीत जास्त अकुशल हात हवे होते, म्हणून यंत्रं आणि प्रीफॅब नको होतं. गवंडी, सुतार, वीट, कौल यांच्यातच काम बसवायचं होतं. रिदोल्फी आणि मंडळींनी १९४६ मध्ये अमेरिकी मदतीने बांधकामाच्या तपशिलांची जी हस्तपुस्तिका काढली, तिच्यातही लाकडी खिडकीचे आणि जिन्याचे हाताने करता येण्याजोगे तपशील आहेत. गावाकडची ओढ होतीच, पण बेकारीचा आकडा हा त्या कौलांमागचा मोठा डिझाइनर होता.

आणि जमीन? ती पुन्हा शहराबाहेरचीच. सरकारने वसाहतीपर्यंत पाणी, रस्ता, वीज नेली की मधल्या मोकळ्या जमिनीचा भाव वाढे, आणि ती जमीन खाजगी मालकांची असे. बोर्गात्यांनी सुरू केलेली गोष्ट इना-कासाने, चांगल्या हेतूने, पुढे चालवली. हे मोडायचा एक गंभीर प्रयत्न झाला: १९६२ मध्ये मंत्री फियोरेंतिनो सुल्लोने बांधकामयोग्य जमीन आधी सार्वजनिक ताब्यात घेण्याचा प्रस्ताव आणला. घरमालकांत 'तुमची घरं हिसकावणार' अशी आवई उठली, आणि १९६३ च्या निवडणुकीआधी त्याच्याच ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने हात वर केले. माझ्या दृष्टीने युद्धोत्तर इटालियन वास्तुकलेतली सर्वांत महत्त्वाची घटना हीच. तिचा फोटो नाही, म्हणून ती पुस्तकात नसते. पुस्तकात १९५९ चा तोर्रे वेलास्कावरचा वाद असतो: रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी मिलानमध्ये वर रुंद होणारा, मध्ययुगीन बुरुजाची आठवण करून देणारा मनोरा बांधला आणि इंग्लंडचा टीकाकार रेनर बॅनहॅम याने इटलीने मॉडर्नपासून माघार घेतली असा ठपका ठेवला. वाद रंजक आहे, पण मनोऱ्याच्या खांद्यांवरून कुणाचं घर गेलं नाही.

तुम्ही टाइपरायटरवाल्या ऑलिवेत्ती कंपनीच्या इव्ह्रेआ गावाबद्दल विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. कारखाना, घरं, पाळणाघर, वाचनालय, सगळं चांगल्या आर्किटेक्टांकडून. सुंदर आहे. ते आद्रियानो ऑलिवेत्तीच्या खिशावर आणि स्वभावावर उभं होतं, आणि तो १९६० मध्ये गेला.

सुल्लो पडल्यावर काय झालं ते रोमच्या कोर्वियालेत पाहा. आर्किटेक्ट मारिओ फियोरेंतिनोची जवळजवळ एक किलोमीटर लांब इमारत, सत्तरच्या दशकातली, पुन्हा शहराच्या कडेला. हाच फियोरेंतिनो तरुणपणी तिबुर्तिनोत होता, आणि नाझींनी मारलेल्या ३३५ जणांच्या फॉस्से आर्देआतिने स्मारकावरही त्याने काम केलं होतं. त्याच्या हेतूवर शंका घ्यायला जागा नाही. चौथा मजला दुकानं आणि सेवांसाठी ठेवलेला होता. त्या कधी आल्या नाहीत, घर नसलेल्या कुटुंबांनी तो मजला व्यापून भिंती घातल्या. लोक म्हणतात डिझाइन फसलं. मी म्हणतो, दुकान काढणारा, बस चालवणारा आणि लिफ्ट दुरुस्त करणारा यापैकी कुणीच नेमलेला नव्हता.

राहिला दुसरा प्रश्न, काय करायचं. पाडणं मला पटत नाही, आणि इटलीने बहुतेक पाडलं नाही. पण नुसतं वापरत राहणंही अडचणीचं आहे. एउरच्या त्या चिविल्तामध्ये २०१५ पासून फेंदी या फॅशन कंपनीचं मुख्यालय आहे. जाहिरातींत कमानी झळकतात, वरचा मजकूर कुठला हे कुणी सांगत नाही. मला सर्वांत समजूतदार वाटतं ते बोल्झानोचं काम. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून घेतलेल्या या जर्मनभाषक भागावर राजवटीने इटालियन ठसा जबरदस्तीने मारला. तिथल्या वित्त कार्यालयावर हान्स पिफ्राडेरचं लांबलचक शिल्प आहे, मध्ये घोड्यावर मुसोलिनी, खाली 'श्रद्धा ठेवा, आज्ञा पाळा, लढा'. २०१७ मध्ये त्याच्यावरच राजकीय विचारवंत हाना आरेन्टचं वाक्य दिव्यांच्या अक्षरांत लावलं: आज्ञा पाळण्याचा हक्क कुणालाही नाही. इटालियन, जर्मन आणि लादिन, तिन्ही भाषांत. शिल्प तसंच आहे, अक्षरांच्या मागे वाचता येतं. पियाचेंतिनीच्या १९२८ च्या विजयस्मारकाखाली २०१४ पासून कायमचं प्रदर्शन आहे, त्यात स्मारक कुणी, कशासाठी आणि कुणाच्या छाताडावर उभारलं ते सांगितलंय.

तुम्हाला यावर प्रबंध करायचा असेल, तर कासा देल फाशोचा डायग्राम फेकू नका. त्याच कागदावर, त्याच स्केलने, समोरचा चौक काढा, सोळा दारं उघडी दाखवा, कोऱ्या भिंतीवर निझ्झोलीचं चित्र ठेवा आणि चौकात माणसं भरा. दुसऱ्या कागदावर रोमचा नकाशा घ्या: १९३० च्या दशकात पाडलेल्या वस्त्या एका रंगात, बोर्गाते दुसऱ्या, इना-कासाच्या वसाहती तिसऱ्या आणि कोर्वियाले चौथ्या. मधली मोकळी जमीन पांढरीच ठेवा, आणि परीक्षकांनी विचारलं तर तिच्यावर पुढे काय बांधलं गेलं ते सांगायची तयारी ठेवा.